आठ गप्प शनिवार

मित्रांनो, मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिळ्याला टांगलेले, काचेवर चीर असलेले ते जुने स्टॉपवॉच म्हणजे मी. माझा मोठा काटा साठ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. वरच्या छोट्या तबकडीवर मिनिटे मोजली जातात, पण फक्त तीसपर्यंत. त्यानंतर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. हे वैगुण्य आधीच सांगून ठेवते, कारण माझी सगळी गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझी पितळी चाके एकेक करून बसवली. तिचे नाव मला कळले नाही. पुढे मी दरीच्या काठावरच्या या गावात आले आणि विल्सन तालाम यांच्या गळ्यातल्या दोरीला लागले. तालाम हे गावातल्या धावपटूंचे कोच. सकाळी सहाच्या ठोक्याला सगळे चर्चजवळच्या तिठ्यावरून निघत. तिथे कोणासाठी थांबायची पद्धत नव्हती. धावणारे निघाले की तालामांचा अंगठा माझ्या बटणावर पडे.

लांबच्या धावेत माझी तबकडी अपुरी पडायची. म्हणून ते उजव्या खिशात मक्याचे दाणे ठेवत आणि तीस मिनिटे झाली की एक दाणा डाव्या खिशात टाकत. "हे विसरतं, मका विसरत नाही," असे माझ्याबद्दल म्हणत. तरीही मान माझाच मोठा होता. मी आकडा दाखवला की दांडगी माणसे खुलत किंवा गप्प होत. चहाच्या दुकानात लावलेल्या प्रत्येक फोटोत मी तालामांच्या छातीवर आहे.

मग ते वर्ष आले. तालामांची मुलगी जेप्तानुई शाळेत विज्ञान शिकवते आणि तिठ्यावरच्या मंडळींबरोबर धावते. शहरातल्या मॅरेथॉनला पाच आठवडे राहिले असताना सेरेमच्या पिकअपमध्ये एक जागा रिकामी झाली. शहरात नावे पोहोचवायची आणि धावणाऱ्यांनाही न्यायचे, हे काम सेरेमकडे. आमच्याकडे नाव देण्याची रीत अशीच होती. गाडीत जागा असली की नाव द्यायचे.

"बाई, चला की," सेरेम म्हणाला. "बेचाळीस किलोमीटर म्हणजे काय. माझी आजी तेवढ्यावरून दूध आणायची."

"आजीचं सोड. तू विहिरीपर्यंत धावून दाखव," जेप्तानुई म्हणाली. पण मोह तिलाही झाला. शनिवारी ती बारा किलोमीटरची फेरी धावली. एक दाणा, बावीस मिनिटे, दहा सेकंद. म्हणजे बावन्न मिनिटे आणि दहा सेकंद. तालामांनी मला तिच्यासमोर धरले.

"बघ. तयार आहेस तू."

त्याच संध्याकाळी नाव गेले.

शर्यतीत तेहतिसाव्या किलोमीटरला, निलगिरीच्या झाडाखाली, ती जी बसली ती उठू शकली नाही. तिच्याकडे धावताना तालामांच्या गळ्यातली दोरी तुटली आणि मी दगडावर आपटले. माझ्या काचेला चीर गेली, तशीच तिच्या नडगीच्या हाडालाही. सात महिने ती काठी टेकत वर्गात गेली. त्याच जागी पुन्हा चीर पडली तर लंगडेपण कायमचे, असे डॉक्टरांनी बजावले. तालामांनी मला खिळ्यांच्या डब्यात टाकले. "याच्या आकड्यानं फसवलं," एवढेच ते म्हणाले.

मी खोटे बोलले नव्हते, मित्रांनो. डब्यातल्या अंधारात मी हेच घोकत राहिले. पण माझ्याच शब्दावर तिचे नाव गेले होते, हेही विसरता येत नव्हते.

दोन वर्षांनी जेप्तानुईने तो डबा उघडला. तिला लंबकाच्या प्रयोगासाठी एक जड नट हवा होता. नटाबरोबर मीही हाती लागले. तिने मला पुसले, तेलाचा एक थेंब दिला आणि हळूच किल्ली फिरवली. मी चालू लागले. मुलींनी माझ्यावर लंबकाचे वीस झोके मोजले. एकाच झोक्यावर विसंबायचे नाही, हे ती मुलींना पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्या संध्याकाळी मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचा घास मोडता मोडता ती वडिलांना म्हणाली, "बाबा, चूक घड्याळाची नव्हती. छाती, म्हणजे दम, पाच-सहा आठवड्यांत तयार होते. हाडाला चार महिने लागतात, कधी जास्तच. ती बावन्न मिनिटं छातीची होती. हाडाला कुणी विचारलंच नाही."

"म्हणजे पुन्हा नाव देणार तू?"

"देणार."

"मग यादी बंद व्हायच्या दिवशी दे. तोवर कळेल काय ते."

"त्या दिवशी कळलं तर हाडाला वेळ कुठे उरतो?"

तिने वहीत नियम लिहिला आणि तालामांना वाचायला लावला. दर शनिवारी तीच फेरी धावायची. रविवारी उठल्याबरोबर अंगठ्याने नडगी दाबायची. दुखले नाही तर तो शनिवार गप्प गेला असे समजून बरणीत एक दाणा टाकायचा. ओळीने आठ दाणे झाले की नाव द्यायचे. मात्र त्या दिवशी शर्यतीला किमान सोळा आठवडे हवेत.

"बाई नाव देतायत की सोयरीक जमवतायत?" सेरेमने विचारले.

"सोयरीक एवढ्या विचारानं कोण करतं?" ती म्हणाली.

मेच्या मध्यावर पहिला दाणा पडला. सहा शनिवार गप्प गेले. सातव्या रविवारी अंगठा दाबताच तिने ओठ आवळले. दुखणे थोडेसेच होते. तालामांनी ते पाहिले नव्हते. ती बरणी घेऊन अंगणात गेली आणि सहाही दाणे कोंबड्यांना टाकून आली. एक आठवडा ती फक्त चालली, मग पुन्हा पहिल्यापासून.

आठवा दाणा ऑगस्टच्या शेवटी पडला. आदल्या दिवशी मी दाखवलेली वेळ होती एक्कावन्न मिनिटे अठ्ठावन्न सेकंद. शर्यतीला नऊ आठवडे होते आणि यंदा यादी लवकर, दुसऱ्याच दिवशी बंद होणार होती. सेरेम पिकअप घेऊन दारात आला. पुन्हा एकच जागा उरली होती.

तालाम मला हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. "पोरी, त्या वर्षीपेक्षा चांगली वेळ आहे."

"त्या वर्षीही वेळ चांगलीच होती, बाबा."

"आठ दाणे झालेत. आता काय राहिलं?"

"सोळाला सात आठवडे कमी पडतात. सेरेम, जागा दुसऱ्याला दे."

पिकअप गेली. जेप्तानुई वळणापर्यंत तिच्याकडे पाहत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती तिठ्यावर होती.

पुढच्या वर्षी जुलैच्या मध्यावर, बरोबर सोळा आठवडे आधी, सेरेमच्या यादीत तिने स्वतःच्या हाताने आपले नाव लिहिले. त्यामागचे आठही शनिवार गप्प गेले होते. त्या यादीतले ते पहिले नाव होते.

शर्यतीच्या दिवशी तालाम त्याच निलगिरीखाली उभे होते. मी त्यांच्या मुठीत होते. ती दिसली तेव्हा पाच दाणे आणि अकरा मिनिटे झाली होती. ती जवळ आली आणि न थांबता म्हणाली, "बाबा, दाणे मोजा, माझ्याकडे बघू नका."

त्यांनी ऐकले नाही. ती वळणाआड जाईपर्यंत ते पाहत राहिले, आणि नंतरही. माझी तबकडी तीसवर पोहोचली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सहावा दाणा उजव्या खिशातच राहिला. म्हणून तिने शर्यत किती वेळात पूर्ण केली, हे मला सांगता येणार नाही. संयोजकांच्या कागदावर असेल. मला माहीत आहे ते एवढेच, की सोमवारी ती काठीशिवाय वर्गात आली आणि तिने मला या खिळ्याला टांगले.

मित्रांनो, माझी किल्ली हळू फिरवा, वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. मी तुम्हाला खरा आकडा सांगेन. पण मला तीस मिनिटांच्या पलीकडचे आठवत नाही. आठवड्यांचे काही विचारायचे असेल, तर आधी आपल्या नडगीवर अंगठा ठेवा, आणि ती काय म्हणते ते ऐका.