बत्तीसवर थांबणारे मणी

दुपारपासून चिमाताईंच्या शिवणयंत्रावर एक टाका पडला नव्हता. यंत्राच्या पायाशी एक भलंमोठं लाकडी खोकं उताणं पडलं होतं. त्याच्या तोंडावर बारा इंची वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसवलेला, आणि वूफरच्या काळ्या पडद्यावर झालरीला लावायचे मूठभर मणी पसरून चिमाताई त्यांचा नाच बघत होत्या. चोपन्न वर्षांची बाई, गळ्यात मापाची टेप, केसांत पेन्सिल खोचलेली, गुडघ्यांवर बसून मण्यांना विनवत होती, ‘थांबा रे बाबांनो, आता तरी थांबा!’

हा नाद भाच्याने लावला होता. नोकरीसाठी परदेशी जाताना तो एक वूफर मागे ठेवून गेला आणि म्हणाला, ‘आत्या, याला एक खोकं शिवून टाक, तुला मापं कळतात.’ खोक्याचं गणित करून देणारे कॅलक्युलेटर इंटरनेटवर फुकट मिळतात हे चिमाताईंना तेव्हा समजलं, आणि त्या दिवसापासून त्या कामातून गेल्या. लांबी-रुंदी-उंची टाका, फळीची जाडी टाका, खोकं कुठल्या सुराला घुमायला हवं तो आकडा टाका, की लगेच उत्तर हजर : आतली हवा बाहेर सोडणारा पाइप, म्हणजे पोर्ट, इतका लांब ठेवा. एक आकडा हलवला की बाकीचे सगळे आपोआप सरकून बसायचे. चिमाताईंना त्यात एवढी गंमत वाटायची की त्या एकट्याच खुदकन हसायच्या. शिवणीत माया सोडतात तशी पाइपाची, लोहचुंबकाची आणि आतल्या आधाराच्या पट्टीची जागा त्या वेगळी धरायच्या. ‘या बाईला नवरा नकोच होता,’ वहिनी म्हणायच्या, ‘हिला कॅलक्युलेटर हवा होता.’

इथे मात्र वहिनींचा अंदाज साफ चुकला होता. चिमाताईंना नाचाचे मास्तर हवे होते.

मास्तर कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये नाच शिकवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, केस पांढरे, चाल मात्र अशी की रस्ता ओलांडतानाही ताल चुकत नसे. गल्लीतली झाडून सगळी माणसं ‘चिमाताई, चिमाताई’ करायची. मास्तरांनी मात्र एकदाही ताई म्हटलं नव्हतं. ‘अहो’वर भागवायचे. या एवढ्याशा ‘अहो’वर चिमाताईंनी किती मजले चढवले होते ते विचारू नका!

महिन्यामागे मास्तर पँट शिवायला आले. चिमाताई कमरेला टेप लावत असतानाच हॉलसाठी सबवूफर हवा असल्याची गोष्ट निघाली. खोकं आपण करून देऊ, असं त्या बोलून गेल्या.

‘किती हर्ट्झला लावू?’

‘बत्तीस,’ मास्तर म्हणाले. पटकन, अजिबात न अडखळता.

इतकं नेमकं उत्तर! चिमाताई पार विरघळल्या. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी पण केला : खोकं बरोबर बत्तीसला लागलं तर मास्तरांना आपणच विचारायचं. नाही लागलं तर तोंडाला कुलूप, जन्मभर.

आणि आज पाच वाजता मास्तर खोकं ऐकायला येणार होते.

परीक्षा सोपी होती. फोनमधून एकेक सूर सोडायचा. खोकं ज्या सुराला लागलेलं असतं त्या सुराला सगळी मेहनत पाइपातली हवा करते आणि वूफरचा पडदा जवळपास स्तब्ध होतो, म्हणजे मणीही थांबतात. चिमाताईंनी बत्तीस लावला. मणी थयथय नाचले. तेहतीस, तरी नाच चालूच. साडेचौतीसला मात्र सगळे शहाण्या मुलांसारखे चिडीचूप.

साडेचौतीस! त्यांनी एका कॅलक्युलेटरला पुन्हा सगळी मापं भरवली. उत्तर बत्तीस. दुसऱ्याला भरवली, तिसऱ्याला भरवली. बत्तीस, बत्तीस. खोकं बाहेरून मोजलं, तर सूतभरही फरक नाही. रडू येणारच होतं, पण तेवढ्यात त्यांच्यातली शिवणारी बाई जागी झाली. माप बरोबर असूनही कपडा घट्ट होत असेल, तर चूक कपड्याची नसते. आतल्या माणसाने काहीतरी खाल्लेलं असतं.

त्यांनी गणित उलटं चालवलं. साडेचौतीस यायचा असेल तर आत हवेला जागा किती हवी? आठ लिटर कमी!

‘दादा,’ त्या ओरडल्या, ‘या खोक्यात आठ लिटरचं काहीतरी आहे!’

खुर्चीत पेंगणारे दादा ताडकन उठले. खरं तर दोन दिवस ते खोक्याभोवती उगाच घोटाळत होते. ‘हे स्क्रू कायमचे का गं?’ असंही त्यांनी दोनदा विचारलं होतं. भावाला एकाएकी विज्ञानाची गोडी लागली म्हणून चिमाताई खूश होत्या.

‘हळू बोल, चिमे!’ दादांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. ‘बिस्किटांचा डबा आहे तो.’

‘काय?’

‘अगं, साखर वाढल्यापासून ती मला एक बिस्कीट मिळू देत नाही. बुटांत ठेवली, सापडली. घड्याळामागे ठेवली, सापडली. परवा दुपारी तू झोपली होतीस, गोंद वाळत होता, एवढं मोठं भोक उघडं होतं. डबा जुन्या चादरीत गुंडाळला, वाजायला नको म्हणून. मला काय माहीत तू उठल्या उठल्या वरून हे बसवून टाकशील!’

चिमाताईंना भावाचा गळा धरावा की गळ्यात पडावं ते कळेना. कॅलक्युलेटर खरे होते! ‘आत्ताच्या आत्ता उघडते,’ त्या म्हणाल्या.

‘तिच्यासमोर नको. तुझ्या पाया पडतो.’

तेवढ्यात बेल वाजली. पाचला वेळ होता, पण मास्तरांना दम निघाला नसावा. चिमाताई केस सारखे करत दाराकडे धावल्या. मास्तर नव्या पँटमध्ये, बूट चकाचक. दोघं आत आली तर दादा खोक्याला कवटाळून जमिनीवर बसलेले, उजवा हात कोपरापर्यंत पाइपात गडप.

‘दादा, हे काय?’

‘ऐकतोय,’ दादा म्हणाले.

‘हाताने?’

‘निदान थोडी तरी काढून घ्यावीत म्हटलं,’ दादा कुजबुजले, ‘आता स्वेटर अडकलाय.’

मास्तरांनी खांदे धरले, चिमाताईंनी खोकं धरलं. दादा ‘आई गं’ म्हणाले आणि खोकं त्यांच्यासकट सरकलं. या आवाजाने वहिनी आल्याच, हातात चहाचा ट्रे. दादांची अशी बोबडी वळली की त्यांनी पाइपातूनच हात हलवून दाखवायचा प्रयत्न केला.

इलाज एकच होता. चिमाताईंनी मणी डबीत भरले, वूफरचे आठही स्क्रू काढले, वूफर उचलला आणि आत टॉर्च मारला. चौघांची डोकी एकमेकांवर आपटली. आत, अंधाराच्या तळाशी, पाइपातून बाहेर आलेला दादांचा हात होता, आणि हातात एक क्रीमचं बिस्कीट.

‘सोडा ते,’ वहिनी म्हणाल्या.

हात उघडला. बिस्कीट टुपकन पडलं. आणि वहिनींना जे हसू फुटलं ते आवरेचना. त्या ट्रेसकट खाली बसल्या, मास्तर भिंतीला टेकले, चिमाताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आतून स्वेटरची बाही सोडवताना चिमाताईंची बोटं हसण्याने इतकी थरथरत होती की दादांना गुदगुल्या होऊन तेही हसायला लागले.

डबा बाहेर आला. चिमाताईंनी तत्क्षणी टेप लावली : वीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद, वीस उंच.

‘आठ लिटर!’ त्यांनी वहिनींना मिठीच मारली. ‘बरोब्बर आठ लिटर!’

वूफर पुन्हा चढला, मणी पुन्हा पसरले. आता चिमाताईंचं हसू कुठल्या कुठे गेलं. या मण्यांवर काय ठरणार होतं ते या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी बत्तीस लावला.

जमीन हलकेच गुरगुरली, पाइपातून वाऱ्याचा झोत आला आणि मणी थांबले. एक म्हणता एक हलला नाही.

‘मास्तर,’ चिमाताई मण्यांकडे बघत म्हणाल्या, ‘मी ठरवलं होतं, हे बत्तीसला लागलं तर तुम्हाला विचारायचं. माझ्याशी लग्न कराल?’

वहिनींच्या हातातला कप बशीत खडखडला. मास्तर आधी पांढरे पडले, मग कानापर्यंत लाल झाले.

‘आधी एक कबूल करतो,’ ते म्हणाले. ‘हर्ट्झ म्हणजे काय, मला अजून माहीत नाही.’

‘मग बत्तीस कसं सांगितलंत?’

‘अहो, तुम्ही टेप माझ्या कमरेभोवती धरली होती. बत्तीस म्हणालात. मग आणखी काहीतरी विचारलंत. पण त्या वेळी माझ्या डोक्यात दुसरा आकडाच शिल्लक नव्हता.’

चिमाताई खोक्याकडे बघत राहिल्या. महिनाभर त्यांनी मास्तरांच्या कमरेच्या मापावर फळ्या कापल्या होत्या.

‘मास्तर, हो की नाही ते बोला ना!’ वहिनी ओरडल्या.

‘हो. हो म्हणायलाच लवकर आलो होतो. विचारणार मीच होतो.’

चिमाताईंचं बोट फोनवर घसरलं, सूर कुठल्या कुठे गेला आणि मणी उसळून खोलीभर उधळले, यंत्राखाली, चहात, दादांच्या टकलावर. वेचायला कुणीही वाकलं नाही. मास्तरांनी नुसता हात पुढे केला आणि चिमाताई टेप गळ्यात तशीच ठेवून उठल्या. त्या गडबडीत दादांनी डब्यातलं एक बिस्कीट तोंडात टाकलं. वहिनींनी ते पाहिलं, आणि आजच्यापुरती पाठ फिरवली.