माघारी येणारी गाडी

मित्रांनो, माझ्या डब्याचे झाकण उघडताच शिरक्यासारखा आंबट वास येईल. नाक मुरडू नका. मी एक जुने रीळ आहे, एकाहत्तरच्या लढाईतल्या प्रचारपटाचे. उष्ण जागी पडून राहिले की आम्ही असेच आंबतो आणि आक्रसतो.

तरुणांनी फौजेत जावे म्हणून मला बनवले होते. यंत्रचालक व्यंकटराव मला गावोगाव दाखवत. माझ्यात पिंगळी स्टेशनातून जवानांची गाडी सुटते. खिडकीतून पिंगळीचाच जवान सूर्यभान हात हलवतो आणि निवेदक गरजतो, "हा वीर हसत निघाला!" लोक टाळ्या वाजवत. मला त्याचा अभिमान वाटे.

सूर्यभान परतला नाही. नंतर पिंगळीत खेळ झाला, तेव्हा त्याची आई उठून म्हणाली, "भाऊ, माझ्या लेकराला माघारी आणा की."

व्यंकटरावांनी आवाज बंद केला आणि मला उलटे फिरवले. गाडी मागे मागे येऊन स्टेशनात थांबली. त्या दिवशी कुणी टाळी वाजवली नाही. पुढे व्यंकटराव आले की त्या माउलीसाठी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा उलटा फिरे.

मग ती गेली. टीव्ही आला, सरकारी प्रचार कचेरीने मला टाकून दिले. व्यंकटरावांनी घरी नेले खरे, पण ठेवले तापत्या पत्र्याखाली.

यंदा सूर्यभानच्या बहिणीची, सगुणाबाईंची, नात सुकेशनी मला तिथून घरी घेऊन आली. जुन्या फिल्मांचे तुकडे जोडून ती वेगळेच चित्रपट करते.

"आजी, त्या निवेदकाचं बोलणं काढून टाकते. निस्ती गाडी उलटी आणते."

"काढच बाई. हसायलता कुठं तो? गर्दीत आईला हुडकायलता. एकदा त्याचं तोंड दिसू दे, मंग मी जायला मोकळी."

"कुठं निघालीस? पिच्चर तर पुरा होऊ दे. आन् उलटं फिरवणं मी कॉलेजात शिकले, व्यंकटरावानं लय आधी केलंतं!"

तिने माझे एकेक चित्र संगणकात उतरवले. भिंतीवर गाडी माघारी आली. खिडकीत हात हलत होता. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरे ओरखडे होते. जो तुकडा सर्वांत जास्त फिरला, तोच सर्वांत जास्त झिजला होता.

सगुणाबाईंनी उठून त्या ओरखड्यांवर बोट ठेवले.

"आईनं बघून बघून पुसला की गं त्याला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, ज्या रिळात तुमचे माणूस आहे, ते थंड, कोरड्या जागी ठेवा. झिजण्याआधी त्याची प्रत करून घ्या. माझी प्रत आता कितीही वेळा फिरवली तरी झिजणार नाही. सगुणाबाई रोज ती लावायला सांगतात आणि त्या हाताकडे बघत बसतात.