सतराव्या पत्त्यावरची खूण

छापखान्यातल्या बायका पत्त्यांचे संच लावताना पत्ते पालथे धरायच्या. लाजेने वगैरे नाही. टेबलावर अठ्ठ्याहत्तर गठ्ठे ओळीने मांडलेले, प्रत्येकातला एकेक उचलत पुढे सरकायचं. दिवसभर तेच करायचं म्हटल्यावर उघड्या अंगांकडे बघत बसायची हौस कोणाला उरते? चित्रकार मात्र प्रत्येक गठ्ठ्यातला वरचा पत्ता सुलटा करून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन बघत होता आणि सगळ्यांच्या पायांत घोटाळत होता.

संच टॅरोचा होता. भविष्य बघायचे तेच पत्ते, फक्त यातल्या राण्या, साधू आणि सैतान, सगळ्यांनी कपडे सोडलेले. प्रकाशक बाई असले संच प्रौढ संग्राहकांसाठी काढायच्या. पाचशेच प्रती, पेटीवर क्रमांक, आत चित्रकाराची सही. हे लोक भविष्यबिविष्य बघत नाहीत. पेटी उघडतात, डोळे भरून बघतात आणि पुन्हा कपाटात ठेवून देतात.

पत्त्यांत जितक्या बायका होत्या, तितक्या सगळ्यांचं अंग एकाच बाईचं होतं. चेहरे वेगळे, केस वेगळे, पण अंग चित्रकाराच्या बायकोचं. ती जाऊन पाच महिने झाले होते. त्याआधी चौदा महिने ती अंथरुणाला खिळून होती, आणि ते चौदा महिने चित्रकाराने शेजारच्या खोलीत दार लोटून घेऊन हे पत्ते काढले, तिच्या तरुणपणाच्या रेखाटनांवरून. तिचं सगळं करायला लेक नोकरी सोडून येऊन राहिली होती. 'मी माझ्या परीने तिला जपतोय,' असं तो स्वतःची समजूत घालायचा. तो जपत होता खरा, पण लघवीचं भांडं लेक उचलत होती.

सतरावा पत्ता तारकेचा. पाण्याकाठी गुडघा टेकून बसलेली विवस्त्र बाई, दोन हातांत दोन घागरी. हा एकच पत्ता त्याने बायको गेल्यावर काढला होता आणि या एकाच पत्त्यावर तिची जन्मखूण होती. मांडीच्या अगदी वर, बोटाच्या पेराएवढी, तांबूस. बाकी पत्त्यांत त्याने ती कुठे हाताआड, कुठे केसांआड दडवली होती. हे अंग आपल्याइतकं कोणीच पाहिलेलं नाही, या एका गोष्टीवर तो पाच महिने तग धरून होता. दुसरं त्याच्यापाशी काही नव्हतंच.

तोच पत्ता हातात घेऊन तो ओरडला, "अहो, हे उलटं आहे!"

फोरमन हात पुसत आला. "उलटं कसं? पाय तर खालीच आहेत."

"डावं-उजवं उलटं! खूण उजव्या मांडीवर आहे, तुम्ही डावीवर नेलीत. हे बघा मूळ चित्र."

घोटाळा सापडायला अर्धा तास गेला. याच चित्राचा कमरेवरचा भाग पेटीच्या झाकणावर घेतला होता. तिथे शीर्षक नीट बसावं म्हणून मांडणी करणारीने चित्राची डावी बाजू उजवीकडे केली आणि केलेलं तसंच पत्त्यावरही गेलं. प्रकाशक बाई फोनवर म्हणाल्या, "दादा, टॅरोत पत्ता उलटा आला तरी लोक त्याचा अर्थ लावतात. कोणाला कळणार आहे?"

"मला कळतंय ना! सगळे रद्द करा. नाहीतर एकाही पेटीत माझी सही पडणार नाही."

सहीशिवाय संग्राहक पेटीला हात लावत नाहीत. बाईंनी हात टेकले. सतरावा पत्ता नव्याने छापला गेला आणि आधीचे गठ्ठे कापायच्या यंत्राखाली गेले. चित्रकार स्वतः एकेक गठ्ठा पुढे करत होता. फोरमनने गंमत म्हणून एक पत्ता खिशात टाकला, तर त्याने तोही काढून घेतला. "चुकीची एकही प्रत राहता कामा नये," तो म्हणाला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. म्हातारा चळला, असं त्यांना वाटलं असणार. त्याला मात्र त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी सडकून भूक लागली.

पेट्या संग्राहकांकडे रवाना झाल्या आणि त्याची प्रत घरी आली, त्या दिवशी लेक आईचं कपाट आवरायला आलेली. त्याने घाईघाईने पेटी उशीखाली सारली.

"लपवताय काय? 'फक्त प्रौढांसाठी' असंच लिहिलंय ना? बेचाळिशी उलटली माझी, बाबा."

तिने पेटी ओढून घेतली आणि पलंगाच्या कडेला बसून एकेक पत्ता बघू लागली. ती रागावली नाही की लाजली नाही. "छान होती आई," एवढंच म्हणाली. मग सतरावा पत्ता आला.

"हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"खूण. आईची डाव्या मांडीवर होती."

तो चक्क हसला. "छापखान्यानेही हाच घोळ घातला होता. भांडून दुरुस्त करून घेतलं मी."

"बाबा, डावीकडेच होती. पडून पडून तिच्या कमरेवर जखम झाली, ती त्या खुणेला लागूनच. डाव्या कुशीवर अजिबात झोपवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसातून दोनदा मलमपट्टी करत होते मी. मला डावं-उजवं कळतं."

त्याने तावातावाने जुन्या वह्या काढल्या. "हे बघ, लग्न झालं त्या वर्षीचं. हे तू व्हायच्या आधीचं. कुठे आहे खूण? सांग ना, कुठे आहे?"

लेकीने पानं उलटली. खूण सगळीकडे उजव्याच मांडीवर होती. आणि सगळीकडे आईच्या भोवती एक लाकडी चौकट होती.

"हा आरसा आहे?"

"तिला लाज वाटायची समोर बसायला. मग ती आरशाकडे तोंड करून बसायची, पाठ माझ्याकडे, आणि मी आरशात बघून…"

त्याने वही ओढून घेतली आणि त्या चौकटीवरून बोट फिरवलं.

"लाज तिला नव्हती वाटत," लेक म्हणाली. "अंग पुसताना ती बोलायची माझ्याशी. म्हणायची, तुझ्या बाबांना माणूस समोर आलं की बघवत नाही. शेवटी तर तुम्ही खोलीत का येत नाही, हे विचारायचंही सोडलं तिने."

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. ती रागावली असती तर त्याला निदान भांडता तरी आलं असतं. पत्ते पुन्हा पेटीत भरून ती कपाटाकडे वळली. त्याने डोळे मिटून बायकोला आठवायचा प्रयत्न केला. आरसा काढून टाकला की पाठ तेवढी दिसायची. एरवी, चाळीसहून जास्त वर्षं, तो जवळ यायच्या आधी दिवा मालवायचा.

दुसऱ्या दिवशी छापखाना उघडायच्या आधीच तो दारात उभा होता. "तो आधीचा पत्ता हवाय. डावीकडचा. एकच द्या."

"तुम्हीच कापायला लावलेत ना सगळे?" फोरमनला हसू आलं, पण चित्रकाराचा चेहरा बघून त्याने ते आवरलं. "बसा. आत्ता छापून देतो, त्यात काय."

यंत्रातून निघालेला कोमट पत्ता त्याने हातात घेतला. खूण डावीकडे होती. केसांचा भांग दुसरीकडे गेला होता, खाली झुकलेला खांदा पलीकडच्या बाजूला गेला होता, मान दुसऱ्याच अंगाला कलली होती. त्याने पत्ता लांब धरून पाहिला, जवळ आणून पाहिला. मग खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ पाहत राहिला.

"आता बरोबर ना, दादा?" फोरमनने विचारलं.

"बरोबर असेल," तो म्हणाला. "मी ओळखत नाही यांना."