खुशालीचा कोट

दूरचित्रवाणी केंद्राला साठ वर्षं होणार होती. त्यावर तीन भागांचा कार्यक्रम निघणार होता आणि त्यातली बारा मिनिटं बाहेरच्या देशांतून कामाला आलेल्यांसाठी ठेवली होती. केंद्राच्या निर्मातीने फोन करून सांगितलं, की रविवारच्या जुन्या कार्यक्रमाची एक टेप सापडली आहे आणि डब्यातल्या चिठ्ठीवर तुमच्या वडिलांचं नाव आहे. मुलीने ते आईला सांगितलं तेव्हा आई कपडे वाळत घालत होती. आईचं वय ब्याऐंशी. तिने हातातला टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, दोन चिमटे लावले आणि विचारलं, "आवाज आहे का?"

"आहे म्हणाल्या."

"मग येते."

त्या काळी रविवारी सकाळी चार परक्या भाषांना अर्धा-अर्धा तास मिळायचा. बातम्या, दोन गाणी, अर्ज कसे भरायचे याची माहिती, आणि शेवटची पाच मिनिटं खुशाली. खुशालीत कारखान्यातली, गोदीतली माणसं कॅमेऱ्यासमोर बसून घरच्यांना निरोप द्यायची. ज्यांना निरोप द्यायचा त्यांच्या गावापर्यंत हे प्रक्षेपण पोचतच नव्हतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी रांग लागायची. माणसं पाळी संपवून तेलकट कपड्यांतच येत, म्हणून कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी एक कोट बाजूला काढून ठेवला होता. चारही भाषा तोच कोट घालून बोलल्या.

वडिलांनी पत्रात लिहिलं होतं, 'रविवारी टीव्हीवर बोललो. तुझं नाव घेतलं.' लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि त्यांनी तिला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. घर माणसांनी भरलेलं. 'अगं', 'ऐकलंस का', यापुढे गाडी गेली नाही. पत्राच्या मायन्यातही नाव नसायचं. या पत्रानंतर सात महिन्यांनी वडील कारखान्यात अपघातात गेले. कारखान्याने बायकोला धुलाईखान्यात काम दिलं आणि ती तीन वर्षांच्या मुलीला घेऊन इथे आली. तोवर तो रविवार कधीच उलटून गेला होता.

टेप बघायची खोली लिफ्टपेक्षा जरा मोठी. टेपा सांभाळणारे काका यंत्रापाशी बसले होते. त्यांनी आईला आपली खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसले.

"आजी, आधीच सांगतो," काका म्हणाले. "टेपा महाग होत्या. एकीवर दहादा चित्रण व्हायचं. पुसायच्या कुठल्या याचा क्रम ठरलेला होता. बड्या लोकांची भाषणं ठेवायची, रविवारच्या पहिल्या पुसायच्या. माझ्या आधीच्याने पुसल्या, मीही पुसल्या."

"मग ही कशी राहिली?" मुलीने विचारलं.

"सुरुवातीला चुरगळली होती. पुसणाऱ्याने तेवढा भाग सोडून पुढे भरली. चुरगळली म्हणून वाचली म्हणा."

"आमच्यासारखीच," आई म्हणाली. "लावा."

पडद्यावर आधी रेघा आल्या. मग कोट घातलेला एक मिशीवाला माणूस. मागून कोणीतरी 'बोला' म्हणालं. "आम्ही इकडे खुशाल आहोत," तो म्हणाला. "थोरल्याला सांगा, पावसाआधी कौलं बदलून घ्या. आईने औषध टाळू नये. बाकी काळजी नसावी." एवढं बोलून तो उठला. नंतर कापायचं म्हणून कॅमेरा चालूच होता. त्याने कोट उतरवून बाजूला धरला. चौकटीच्या कडेने एक हात आला, डावा, आणि अस्तनीत शिरला. मग उजवा खांदा न उचलता, कोटच ओढून दुसरी बाही चढवली गेली. कोणीतरी घसा खाकरला.

आणि फुटबॉलचा सामना सुरू झाला.

मैदानावर माणसं धावत होती. काकांनी सामना थांबवला नाही, पुढे पळवला. शेवटपर्यंत सामनाच होता.

"हेच ते," आई म्हणाली. "उजवा खांदा वर जात नव्हता यांचा. गोण्यांनी."

मुलीला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. तिने तो हात पुन्हा लावायला सांगितला. चार सेकंद होते. काकांनी पाचदा लावले.

निर्माती दारात उभी होती. तिचे आजोबा दुसऱ्या भाषेच्या अर्ध्या तासात आले होते. त्यांच्या भाषेची तर एकही टेप उरली नव्हती. ती आईसमोर वाकून बसली. "आजी, एक विचारू? तो पहिला माणूस कोण हे कळायला मार्ग नाही. कोट तोच आहे, चित्र धूसर आहे. खाली तुमच्या यजमानांचं नाव टाकलं तर चालेल? नाहीतर बारा मिनिटांत दाखवायला काहीच नाही."

मुलीने आईकडे पाहिलं. "आई, नाव तरी लागेल त्यांचं."

"दुसऱ्याच्या तोंडावर?"

"कोणाला कळणार आहे?"

"कौलं बदलायला सांगितली होती ना त्याने? त्या घरात कोणीतरी असेल." आईने पिशवी उचलली. "यांनी कौलांचं नव्हतं सांगितलं, माझं नाव घेतलं होतं."

निर्माती "बरं" म्हणाली. कार्यक्रम लागला तेव्हा बारा मिनिटांची सात झाली होती. कोटाची अदलाबदल दाखवली, नाव न देता. वर संगीत घातल्यामुळे घशाचं खाकरणंही गेलं होतं. आई ते बघून भांडी घासायला उठली.

त्याच आठवड्यात डोळ्यांची तपासणी होती. दवाखान्यातली नर्स पंचावन्न वर्षांपूर्वीच्या धुलाईखान्यातल्या मुकादमासारखंच आईचं नाव घ्यायची, मधलं अक्षर गिळून आणि शेवट भलतीकडे नेऊन. या देशात सगळे तसंच घेत आले आणि आई दरवेळी मुकाट उठत आली. गावाकडचा तिचा भाऊ गेल्यापासून ते नीट घेणारं कोणी उरलं नव्हतं. मुलीला ती आईच होती.

नर्सने पुकारलं. आई हलली नाही.

"आई, आपला नंबर."

"ऐकलं. नीट घेऊ दे."

नर्सने पुन्हा पुकारलं, मोठ्याने, तसंच. मुलगी उठायला लागली तेव्हा आईने तिचं मनगट धरून खाली बसवलं. तिसऱ्यांदा नर्सने कागद डोळ्यांजवळ नेला, बाकांवरून नजर फिरवली आणि पुढचं नाव पुकारलं. एक म्हातारा उठून आत गेला.