ढगओट्यावरची हाक

मार्गशीर्षातली सकाळ. दोनतळीच्या दोन्ही तळ्यांवरून धुके उठले, आणि उठतच राहिले. धूसर-धवल, जलगर्भ, निःशब्द धुके. आधी त्याने पलीकडचा काठ नेला, मग बंधाऱ्यावरची उंबराची झाडे नेली, मग देवळाचा कळस नेला. गवळण नदी तेवढी खळाळत राहिली. दिसत मात्र तीही नव्हती.

एवढेसे गाव. दोन तळी, एक नदी, सात डोंगर, आणि या साऱ्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या पाऊलवाटा. करवंदीच्या जाळीतून वाकून जाणाऱ्या, काळ्या कातळावरून सरपटणाऱ्या, कारवीच्या रानात हरवून पुन्हा सापडणाऱ्या वाटा. पावसाळा त्या गिळतो. दिवाळी सरली की भोरू बांडे त्या पुन्हा बाहेर काढतो. कोयत्याने गवत छाटतो, दगडादगडावर चुन्याचा बाण रेखतो. मग शहरातली मंडळी पाठीवर बोचकी बांधून येतात, बाणामागून बाण चढतात, आणि डोंगर आपणच शोधून काढल्याच्या थाटात वर फोटो काढतात. भोरू गालात हसतो. त्याची चूल त्यांच्या हौसेवर पेटते.

त्या सकाळी तो चुन्याची बादली घेऊन ढगओट्यावर गेला होता. सातांतला हाच सर्वांत उंच. माथा सपाट, आणि त्या सपाटीवर ढग येऊन बसतात, गावातली म्हातारी माणसे ओट्यावर बसतात तसे.

या रानाचा एक नियम आहे. इथे माणसाला नावाने हाक मारायची नाही. कुकारा घालायचा, छाती भरून, तोंडापुढे हाताचा द्रोण धरून, लांबलचक कूऽऽऽ. एक कुकारा म्हणजे ‘मी आहे’, दोन म्हणजे ‘इकडे ये’. नावाने हाक आली, तर ती माणसाची नाही असे समजायचे. ओ द्यायची नाही, वळून पाहायचे नाही, घर गाठायचे. का, ते कोणी सांगत नाही. विचारणाऱ्याला वेड्यात काढतात.

आणि भोरूच्या घराचाही एक नियम होता, जुन्या घरांना असतो तसलाच. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, नवऱ्याने बायकोचे. तिने त्याचे नाव एकदाच घेतले होते, लग्नात, उखाण्यात, तेही नणंदेने दार अडवले म्हणून. तो तिला ‘अगं’ म्हणे. लेक झाल्यावर ‘इंदीची आय’ म्हणू लागला. पाहुण्यांची ती मावशी, शेजाऱ्यांची ती भोरूची बायको. तिचे नाव ठमा आहे हे तिच्या आईला तोंडपाठ होते, आणि आई जाऊन एकवीस वर्षे झाली होती. आता ते नाव रेशनकार्डावर राहत होते. तिथून ते कोणी बाहेर बोलावत नसे.

रोज मध्यान्ही ढगओट्यावरून एक कुकारा उतरे. तळ्यावरून घसरत, बंधाऱ्यावरून उडी मारत, तो ठमाच्या दारात येई, आणि ती तवा चुलीवर ठेवी. त्या दिवशी मध्यान्ह आली. कुकारा आला नाही. तिने तवा ठेवला, भाकरी थापली, भाकरी निवली. धुके दारापर्यंत येऊन उभे होते. भाकरी फडक्यात बांधून, काठी घेऊन, ती निघाली.

पहिला बाण बंधाऱ्यावर. दुसरा नदीच्या उतारावर. तिसरा, चौथा, पाचवा. ओले, ताजे, शुभ्र बाण, एकेक करून धुक्यातून पुढे येणारे. पाखरू बोलत नव्हते. कारवीच्या पानांवरून थेंब ठिबकत होते, आणि कोळ्यांच्या जाळ्यांत दव मण्यांसारखे अडकले होते. ठमा थांबली की तिची पावले थांबत; पण एक पाऊल, फक्त एक पाऊल, तिच्यानंतर थांबत होते. तिने दोनदा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकायला ती थांबली नाही.

माथ्यावर सगळीकडे एकच पांढरेपण. वर पांढरे, खाली पांढरे, मागे पांढरे, पुढे पांढरे. आणि त्यात एका दगडावर अर्धा बाण: दांडा काढलेला, टोक काढायचे राहिलेले. शेजारी बादली कलंडलेली. चुना कातळावरून ओघळून थिजलेला. ठमाने द्रोण धरला आणि कुकारा घातला. एक. दोन. पुन्हा दोन. धुक्याने ते सारे कुकारे आत घेतले आणि काही परत दिले नाही.

मग हाक आली.

“ठमाऽ.”

आवाज त्याचा होता. तोच खर्ज, तीच शेवटाला पडणारी घसर. पण शब्द त्याचा नव्हता. लग्नाच्या तीस वर्षांत तो शब्द त्याच्या ओठांवर आला नव्हता. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे माझे माणूस नाही, तिने ठरवले. रानाने नियम सांगितलेला, घराने नियम सांगितलेला. दोन्ही नियम एकच सांगत होते. ठमा वळली आणि उतरू लागली.

“ठमाऽ.”

आता उजवीकडून. बारीक, विरळ, धुक्यात भिजलेली हाक. तिला भीती वाटत होती. आणि खरे सांगायचे तर, भीतीहून अधिक तिला बरे वाटत होते. एकवीस वर्षांनी कोणीतरी तिला तिच्या नावाने बोलावत होते. उतरता उतरता तिचे डोळे भरून आले, आणि आपल्याला भुताच्या हाकेने रडू यावे याचा तिला राग आला.

चार बाण ती उतरली. पाचव्यापाशी थबकली. कुकाऱ्याला छातीभर वारा लागतो, तिच्या मनात आले. नावाला दोन अक्षरांपुरता श्वास पुरतो. छातीच मोडली असेल तर? छातीत वाराच मावत नसेल तर माणूस काय करील? शहाण्याने उतरावे, नियम हेच सांगत होता. ठमा शहाणी होती. तरी ती उलटी फिरली, आणि चार बाण धावत चढली.

पण हाक थांबली होती.

अर्ध्या बाणापाशी उभी राहून तिने कान दिले. थेंब. थेंब. पुन्हा थेंब. तो कुठेतरी मिटत चालला होता, आणि कुकाऱ्याने मिटणारा माणूस जागा होत नाही. मग तिने द्रोण सोडला, डोळे घट्ट मिटले, आणि ज्या नावापाशी तिची जीभ तीस वर्षे अडखळत आली होती, ते नाव तिने उघड्या रानात मोठ्याने टाकले.

“भोरूऽऽ! ए भोरूऽऽ!”

ढगओटा दणाणला. धुके हलले. आणि डाव्या हाताला, खूप खालून, दगडावर दगड आपटल्याचा बारीक आवाज आला. टक. टक.

कपारीत तो सापडला. कड सुटली होती. एक शिळा बरगडीवर टेकली होती, घोटा सुजून काळानिळा पडला होता. काठीची पहार करून तिने शिळा ढकलली. तो थंडगार होता, पण होता.

“आवं, कुकारा का न्हाय घातला?”

“छातीत वाराच मावंना,” तो कण्हला. “तुजं नाव बारकं. तेवढंच निघालं.”

“म्या माघारी फिरली व्हती.”

“फिरणारच की. येडी न्हाईस तू.”

काठी त्याच्या एका काखेत, दुसऱ्या काखेत ती. उतार सुरू झाला. दिवस कलला होता. धुके आतून काळवंडत चालले होते. घोटभर अंधार, घोटभर पांढरेपण. दहा पावले उतरली, वीस पावले उतरली. आणि मागून, ढगओट्याच्या माथ्यावरून, हाक आली.

“भोरूऽ.”

आवाज ठमाचा होता.

ठमा त्याच्या काखेत होती, तिचे ओठ मिटलेले होते, आणि तिचा आवाज वरून येत होता. तिचाच, पण कोवळा. दार अडवलेल्या नव्या नवरीचा, लाजरा, मधाळ आवाज. भोरू थांबला. त्याचे डोळे अर्धे मिटलेले होते, आणि त्याचा बरा पाय वळला.

“तू वर हाईस व्हय?” तो पुटपुटला. “बलावतीस मला.”

“वर कोण न्हाय. म्या हितं हाय. माझ्याकडं बगा.”

“भोरूऽ,” धुके म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, “भोरूऽ.” रानाने नाव ऐकले होते. रानाने नाव शिकून घेतले होते. तिनेच ते शिकवले होते, हे ठमाला कळले. तो तिच्याहून दुप्पट वजनाचा. तो वळला असता तर तिच्याने आवरला नसता. वर कडा होता.

तिने त्याच्या कानाला तोंड लावले.

“भोरू,” ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, दम लागलेला, रडका होता. धुक्यातला आवाज त्याहून शंभर पटींनी गोड होता. त्याचे पाऊल अजून वरच्या दिशेलाच वळलेले होते. “भोरू, भाकर निवली. भोरू, शेळी दोहायची राह्यलीय. इंदीचा सांच्याला फोन यील, भोरू, त्यो कोण घेईल? कौल फुटलंय, कवाचं म्हणतीया, भोरू. माझी पाठ मोडली तुला धरून धरून, भोरू, चल की रं.”

वरून नुसते नाव येत होते. गोड, रिते, एकटे नाव. धुक्याला नाव तेवढे येत होते; पुढचे काही येत नव्हते.

भोरूचा पाय खाली आला.

मग एक पाऊल, एक नाव, एक काम. एक पाऊल, एक नाव, एक तक्रार. सरपण, भोरू. माठ गळतोय, भोरू. मागच्या शिमग्याला माझ्यावर उगाच खेकसलास, भोरू. बाण मागे पडत गेले, नदी जवळ येत गेली, आणि तिने त्याला नावाने ओढत, नावाने रागावत, नावाने रडत बंधाऱ्यावर आणला. तिथे धुके सरले. गावातले दिवे लागले होते. कोणाच्या तरी घरी फोडणी पडली होती.

तो उंबराला टेकून बसला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे नीट उघडले.

“कोण हाका मारीत व्हतं गं मला?”

ठमाने मागे पाहिले नाही.

“मीच,” ती म्हणाली.

आणि वर, ढगओट्यावर, काळोखत्या धुक्यात, एक आवाज ‘भोरू’ म्हणत होता, एक आवाज ‘ठमा’ म्हणत होता. शुभ्र बाणांवरून पुढे जात, अर्ध्या बाणापाशी थांबत, पुन्हा मागे फिरत, दोन आवाज एकमेकांना शोधत राहिले.