ब्रदर ऑर्बिनच्या अंगणातला ट्रेलर

ट्रेलर बघायला जायचं ठरलं तेव्हा ड्रीमानं मनाशी एकच गोष्ट धरली होती: या खेपेला डॉयलला एकटं पाठवायचं नाही. ट्रेलर जुना असो, ठोकलेला असो, उंदरांनी पोखरलेला असो, चालेल.

डॉयल पाइपलाइनचा वेल्डर. जिथं गॅसची लाइन पडेल तिथं जायचं, काम संपेपर्यंत राहायचं. ज्यांच्याकडे ट्रेलर, गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, असे ते बायकापोरं घेऊन जात. संध्याकाळी त्या ट्रेलरांच्या रांगेत कुणाकडे घेवडा शिजतोय, कुणाची पोरं सायकली पळवतायत. ज्यांच्याकडे नसे ते चौघं मिळून एका भाड्याच्या खोलीत राहत. मागच्या हिवाळ्यात डॉयल असाच एका खोलीत राहिला, आणि तिथं कुणीतरी त्याला पाठदुखीवर गोळी दिली. पाठदुखी थांबली, गोळी थांबली नाही. तो परतला तेव्हा त्यांच्या लहानग्या टॅलीनं दारातच विचारलं होतं, "आई, हा आपलाच बाबा का गं?"

देवाच्या दयेनं त्यातून तो बाहेर आला. पण आता पेनसिल्व्हेनियातून बोलावणं आलं होतं. सोमवारी निघायचं.

टॅलीला आजीकडे सोडून ड्रीमा आपल्या छोट्या गाडीनं पोचली, तेव्हा डॉयल आपला पिकअप ट्रक लावून आधीच ट्रेलरखाली शिरला होता. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. बाजूला ब्रदर ऑर्बिन टोपी हातात घेऊन उभे होते.

चर्चमध्ये या माणसाचं प्रवचन ऐकायला लोक दोन डोंगर ओलांडून येत. उभे राहिले की सुरुवातीला ते शेजारी कुंपणापाशी बोलतो तसं बोलत, आवाज नाही, आव नाही. मग वाक्याच्या शेवटी श्वास खेचला जाई, पुढचं वाक्य त्या श्वासावर चढे, आणि बघता बघता बोलण्याचं गाणं होई. बायका डोळे पुसू लागत, म्हातारे उठून एकमेकांचे हात धरत. ड्रीमा लहानपणापासून त्या सुरावर वाढली होती. अशा माणसाच्या अंगणातली वस्तू खोटी असेल असं तिच्या मनातसुद्धा येणार नव्हतं.

"ये बाई," ब्रदर म्हणाले. "तुझा नवरा खाली जाऊन हरवलाय बघ."

"त्याला लोखंड दिसलं की बायको दिसत नाही, ब्रदर."

खालून आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

ट्रेलर लांबलचक, पांढरा, समोर 'विकणे आहे' अशी पाटी. मागचा उजवा कोपरा मात्र निराळा पांढरा होता, नवा पत्रा बसवलेला. ड्रीमानं त्यावरून हात फिरवला. थंड होता. आत स्वयंपाकाचा ओटा, खिडकीत फुलाफुलांचे पडदे आणि अगदी मागं, त्याच कोपऱ्यात, लहान मुलांसाठी एकावर एक दोन पलंग. टॅलीनं हे बघितलं असतं तर वरच्या पलंगासाठी हटून बसली असती. ड्रीमा तिथं थोडा वेळ उभी राहिली. मग का कोण जाणे, तिला बाहेर यावंसं वाटलं.

"कलंडला होता ना हा?" तिनं विचारलं.

"लपवायचं काय त्यात? थॅकरच्या घाटात, उतारावर." ब्रदर टोपीची कड चाचपत राहिले. "आमचा केंडल चालवत होता. प्यायलेला होता. ट्रेलरचा दोष नाही, पोराचा दोष."

ड्रीमाला ते ठाऊक होतं. खोऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. केंडल म्हणत राहिला की मी शुद्धीत होतो, ट्रेलरनंच मला ओढलं. पण त्याचं आधीचं पिणं सगळ्यांनी पाहिलेलं, कोण विश्वास ठेवणार? आणि मग एका शनिवारी भर सभेत त्याचं नाव चर्चच्या मंडळीतून काढायची सूचना मांडायला खुद्द त्याचा बापच उभा राहिला होता. त्या दिवशी ब्रदर ऑर्बिननी सूर लावला नव्हता. आता घराच्या ओसरीवरच्या जाळीमागं अपघातापासून चाकाच्या खुर्चीत बसून असलेला केंडल अंधुक दिसत होता. ड्रीमानं हात हलवला. पलीकडून हात हलला नाही.

डॉयल सरपटत बाहेर आला, पाठ धुळीनं माखलेली, चेहरा उजळलेला.

"अगं, चॅसीचा, या खालच्या सांगाड्याचा, जोड बघायला हवास तू! ज्यानं वेल्डिंग केलंय त्याचा हात सोन्याचा आहे. मलासुद्धा याहून बरं जमलं नसतं."

"तू दुसऱ्याच्या कामाचं कौतुक करतोस? तब्येत बरी आहे ना?"

"थट्टा करू नकोस. हा जोड तुटायचा नाही. बाकीची गाडी सडून जाईल, हा जोड राहील."

"तो जोड मी घेतला तेव्हाचाच, केंडलच्या अपघाताआधीचा. घाट चढून-उतरून बघा," ब्रदर म्हणाले. "मी किती वेळा ओढलाय. मला तरी सरळच गेला."

डॉयलनं ट्रेलर ट्रकला जोडला. "बस शेजारी."

"नको. मागचे दिवे लागतात का ते बघते. पोलिसानं अडवलं तर पहिल्याच दिवशी शोभा."

म्हणून ती आपल्या गाडीनं मागं निघाली.

सपाटीवर तिला वाटलं, आपल्याच डोळ्यांत काही गेलंय. ट्रक आपल्या बाजूनं नीट चालला होता. ट्रेलर मात्र मधल्या पिवळ्या रेघेकडे शेपूट टाकून चालला होता. कुत्रं पळताना मागचे पाय एका अंगाला टाकतं ना, तसा. तिनं गाडी जरा डावीकडे घेऊन पाहिलं, उजवीकडे घेऊन पाहिलं. वाकडाच. डॉयलनं जोड बघितला होता, रेघ बघितली नव्हती. वाकलेल्या सांगाड्यावर कुणीतरी फार सुंदर वेल्डिंग केलं होतं, आणि वाकडेपण कायमचं पक्कं करून ठेवलं होतं.

घाटमाथा ओलांडला. उतार लागला तशी ती शेपटी हलू लागली. आधी थोडी, मग थोडी जास्त. नव्या पत्र्याचा कोपरा दरीच्या कठड्याकडे जाई, परत येई, पुन्हा जाई. ड्रीमानं भोंगा वाजवला, दिवे उघडझाप केले. डॉयलनं खिडकीतून हात बाहेर काढून मजेत हलवला. दिवे लागतायत, ठीक आहे, असं त्याला वाटलं असणार.

पायथ्याशी तो उतरला तो हसतच. "लोण्यातून सुरी फिरावी तसा आला गं!"

"डॉयल, तो वाकडा चालतो. शेपूट हाणतो."

"मला कसं नाही जाणवलं मग? स्टिअरिंग माझ्या हातात होतं की तुझ्या?"

"तू पुढं होतास. मी मागून बघितलं."

"तुला घ्यायचाच नसेल तर तसं सांग ना." त्याचा आवाज चढला. "सोमवारी जायचंय मला. दुसरा कुठून आणू?"

तिनं किल्लीसाठी हात पुढं केला. "आता मी ओढते. तू मागं ये."

"वेडी आहेस का?"

"बापाचा लाकडांचा ट्रेलर कोण ओढायचं? दे."

माथ्यापर्यंत जाऊन त्यांनी वळवलं. ड्रीमा ट्रकमध्ये चढली, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि उताराला लागली. आत बसून काही कळत नव्हतं. ट्रक शांत होता, चाक हातात हलकं होतं, समोर पानगळीनं तांबडा झालेला डोंगर. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. बाजूच्या आरशात वळणावर तेवढी तिची स्वतःची छोटी गाडी दिसे. ती जवळ येई, मग एकदम मागं राही, जणू डॉयलला जवळ यायची छाती होत नव्हती.

अर्ध्या उतारावर समोरून कोळशाचा ट्रक वर आला. तो बाजूनं गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला, आणि कुणीतरी मागून ट्रकला धरून खेचावं तसं झालं. चाक तिच्या हातात वळवळलं. ब्रेकवर पाय गेला असता तर संपलं असतं. तिनं पाय उचलला आणि ट्रेलरच्या ब्रेकची छोटी दांडी बोटांनी दाबली, दाबली, दाबत राहिली. कठड्याला काहीतरी खरडल्याचा आवाज आला. मग सगळं थांबलं.

डॉयल धावत आला. दार उघडलं. तिचा गुडघा घट्ट धरून उभा राहिला.

"बघितलंस?" ती म्हणाली.

"बघितलं."

दरीतून धुकं वर येऊ लागलं होतं.

"ड्रीमा, ऐकून घे. शिव्या नंतर दे." तो खाली बघत होता. "हे सगळं बघितलं, तरी मला अजून वाटतंय घ्यावा. हळू चालवीन, वारा असेल त्या दिवशी थांबेन. पण त्या खोलीत परत नको गं. मला माझा भरवसा नाही."

इतके दिवस ही भीती आपली एकटीची आहे असं ड्रीमाला वाटत होतं. तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढलं. मानेवर घाम थंड झाला होता.

"खोलीत नाही, आणि यातही नाही," ती म्हणाली. "ट्रकच्या सीटवर तिघं झोपू. थंडी वाजली तर एकमेकांना शिव्या देऊ. टॅलीला तिथल्या शाळेत घालू, नाही घेतलं तर मी शिकवीन. पण तुला एकट्याला सोडायची नाही, आणि या डब्यातही न्यायची नाही. ठरलं."

"ट्रकमध्ये तू घोरतेस."

"मी? तुझ्या घोरण्यानं आईकडची कोंबडी अंडी द्यायची थांबलीय."

तो हसला, पण हसणं लगेच विझलं.

अंगणात परतल्यावर ट्रेलर सोडवला. कठड्यानं नव्या पत्र्यावर लांब ओरखडा काढला होता, त्याची भरपाई देतो असं डॉयल म्हणाला. ब्रदरनी मान हलवून नको म्हटलं. ड्रीमानं त्यांना सगळं सांगितलं. मोठ्यानंच सांगितलं, जाळीपलीकडे ऐकू जावं म्हणून.

"ब्रदर, तुम्ही कायम पुढं बसलात. मागून कुणी बघितलंच नाही. जोड जुना, म्हणजे वाकडेपणही अपघाताच्या आधीचंच. केंडल खरं बोलत होता."

ब्रदर ऑर्बिनचे ओठ हलले. वाक्याच्या शेवटी खेचतात तो श्वास त्यांनी खेचला, पण त्यावर चढायला पुढचं वाक्य आलं नाही. ते तसेच घराकडे वळले, पायरीपर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. वर चढायचं धैर्य होईना.

"पाटी काढा तेवढी," ड्रीमा मागून म्हणाली. "हा कुणाला विकू नका."

त्यांनी ऐकलं की नाही, तिला कळलं नाही.

सोमवारी उजाडताना तिघं निघाली. टॅली मध्ये, मांडीवर मक्याच्या पावाचा डबा, मागं ट्रकमध्ये गाद्या आणि डॉयलची हत्यारं. घाटाकडचा रस्ता ब्रदर ऑर्बिनच्या घरावरूनच जात होता. डॉयलनं ट्रक कडेला थांबवला, ड्रीमानं काच खाली केली.

पाटी नव्हती. ट्रेलरही नव्हता. गवतावर तेवढा लांबट पिवळा चौकोन राहिला होता, आणि त्यातून रस्त्याकडे गेलेले ताजे, ओले चाकांचे माग. बाजूला लहान मुलाची प्लास्टिकची सायकल ट्रेलर नेणाऱ्यांच्या घाईत उलटी पडून राहिली होती; ती या घरातली नव्हती, या घरात लहान मूल नव्हतं.

केंडल खुर्ची ढकलत जाळीबाहेर, ओसरीच्या अगदी कडेला आला होता. ब्रदर त्याच्या पायांशी पायरीवर बसले होते, डोकं हातांत. "मी आत प्रार्थनेला होतो," ते ओरडून म्हणाले, "माझ्या धाकट्या भावानं एका कुटुंबाला देऊन टाकला! आताच गेले!" केंडलनं हात उचलून घाटाकडे दाखवलं.

डॉयलनं ड्रीमाकडे पाहिलं.

"पुढं आहेत ते," ती म्हणाली. "आणि त्यांच्या मागं कुणी नाही. डॉयल, जोरात घे. घाटमाथ्याच्या आत गाठायला हवं."

त्यानं ट्रक रस्त्यावर घेतला. समोर वळणावळणावर धुकं बसलं होतं, आणि ओल्या डांबरावर चाकांचे माग दिसत होते: ट्रकचे सरळ, आणि त्यांच्या बाजूला, पिवळ्या रेघेकडे सरकलेले, दुसरे.

"आई, आपण कुणाला पकडायचंय?" टॅलीनं विचारलं.

ड्रीमानं तिचा पट्टा आवळला आणि भोंग्यावर हात ठेवला.