तळं तपासणारी थाळी

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची थाळी आहे, पण माझ्यात कुणी जेवत नाही. माझ्या मधोमध भोक आहे, त्यातून दोरी ओवली आहे आणि खाली दगड बांधला आहे. अशा थाळीत वरण थांबेल का, तुम्हीच सांगा!

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कळायला लागलं तेव्हा मी विदर्भाच्या वेशीवर, जैनथकडच्या एका गावात, द्वारकाबाईच्या मांडणीवर होते. बारा वर्षं भाकरी-पिठल्यात सुखानं गेली. मग गोड्या पाण्याचा अभ्यास करणारी आणि तो पोरांना शिकवणारी एक संस्था गावात आली. तिचे सुधाकरराव म्हणाले, "तळ्याचं पाणी किती नितळ हाय थे पाहाले एक थाळी पाहिजे." द्वारकाबाईनं घरातली सगळ्यात जुनी थाळी पुढे केली. म्हणजे मीच! भोक पाडताना मी असा आवाज केला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

मग माझे चार भाग करून दोन काळे आणि दोन पांढरे रंगवले. काम सोपं. द्वारकाबाई दगडी कट्ट्यावरून मला तळ्यात सोडते. दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी आहेत. मी दिसेनाशी झाले की ती बुडालेल्या गाठी मोजते. जास्त गाठी म्हणजे पाणी नितळ, कमी गाठी म्हणजे गढूळ. द्वारकाबाईचा जन्म दुसऱ्याच्या शेतात निंदण करण्यात गेला, शाळा काही पाहिली नाही. पण गाठी मोजण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तिची लेक वृषाली गावच्या शाळेत शिकवते. ती आकडा वहीत लिहिते आणि पोरांना समजावते. मला धरायला पोरं भांडायची, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

दरवर्षी संस्थेचा अहवाल निघायचा. शाळा पाचाच्या अकरा झाल्या, पोरं वाढली. एक मीच करंटी! पहिल्या वर्षी सहा गाठी, मग पाच, मग चार. सुधाकरराव कपाळाला हात लावायचे. "द्वारकाबाई, अहवालात प्रगती लिवली हाय, अन तुमची थाळी उलटी चालून राह्यली!"

"मी काय करू जी? पाणी जसं हाय तसं हाय."

यंदा संस्थेला मदत देणाऱ्यांकडून नागपूरच्या सुवर्णाताई पाहणीला येणार होत्या. त्यांना काम पटलं नाही तर तळ्यावरचा वर्ग बंद होणार होता. आणि द्वारकाबाईनं काय करावं? पाहुणे येणार म्हणून घर सारवलं, भांडी घासायला काढली, आणि त्यांत मलाही घेतलं! "पाहुण्यायपुढं अशी काळी-कबरी थाळी ठेवाची का?" राख, चिंच आणि तारेचा चोथा! रंगाचे पापुद्रे सुटलेलेच होते, तासाभरात सगळा निघाला. खालून कुठल्याशा लग्नातल्या आहेराची अक्षरं वर आली: 'भगवंतराव यांजकडून सप्रेम भेट'. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. मी नव्या नवरीसारखी मिरवत होते.

दुसऱ्या दिवशी सुवर्णाताई तळ्यावर आल्या. द्वारकाबाईनं धूळ बसू नये म्हणून मला पदराखाली झाकून आणलं आणि थेट पाण्यात सोडलं. वर टळटळीत ऊन. चार गाठी गेल्या, पाच गेल्या, तरी मी आपली लखलखतेच आहे. आठवी गाठ बुडाली तेव्हा कुठे दिसेनाशी झाले. सुधाकरराव कट्ट्यावर नाचायचेच बाकी होते. "चाराच्या आठ! लिवा वृषालीताई, लिवा!"

"लिवू नको व माय," द्वारकाबाई लेकीला म्हणाली. "काल तं तळं हिरवंगार होतं. एका रातीत साफ कसं होईन? म्या थाळी घासली, म्हून थे चमकून राह्यली. पाणी नाई सुधरलं."

"काऊन बोलल्या व तुमी!" सुधाकररावांचा चेहरा पडला.

मग शाळेतून फळ्याचा काळा आणि खिडकीचा पांढरा रंग आणला. मी उन्हात वाळेपर्यंत सगळे जेवून आले. मी तेवढी उपाशी. पुन्हा मला सोडलं. तीन गाठी! वृषालीनं वहीत तीन लिहिले.

सुवर्णाताईंनी वही मागून घेतली आणि प्रगतीच्या रकान्यात लिहिलं, "या गावात आता खोटा आकडा पकडणारी माणसं आहेत. वर्ग चालू ठेवावा." वृषालीनं ते वाचून दाखवलं आणि तिला रडूच फुटलं. सुधाकरराव घाम पुसत हसायला लागले.

द्वारकाबाई मात्र हसली नाही. "थे ठीक हाय. पन पान्याचं काय? फवारणीचे पंप लोक इथंच धुते, ढोरंबी इथंच बसते."

दुसऱ्याच दिवशी गावातला खुशाल आपला फवारणीचा पंप धुवायला तळ्यावर आला. द्वारकाबाईनं त्याला असा फैलावर घेतला की तो पंप घेऊन तसाच घरी पळाला.

मित्रांनो, मला जपा, पण कृपा करून घासू नका! आणि तळ्यात पंप धुऊ नका. सध्या तीन गाठी खाली गेले की मला तुमचे चेहरे दिसत नाहीत. हिरव्या अंधारात फार एकटं वाटतं हो.